हाकेला येणारे हंस

गुलंदामला तिच्या नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. मूल होत नाही, एवढंच कारण. तौफीक तसा वाईट माणूस नव्हता. तिची गादी, तिची पेटी आणि वर एक पोतं तांदूळ आपल्याच गाडीत घालून तो तिच्या माहेरच्या गावी, कमिशलीला आला, अंगणात बसून चहा प्याला आणि निघताना तिच्या भावाला म्हणाला, "बायराम आगा, तुमची ठेव तुम्हाला परत." बायरामनं तांदूळ उतरवून घेतले. गुलंदामनं कुठं झोपायचं ते त्याच्या बायकोनं, फत्तानेनं, दाखवलं. तंदूरच्या खोलीत, भिंतीला लागून. तिथं ऊब असते, असं ती म्हणाली.

तेव्हापासून ती तिथंच होती. सकाळी तंदूर पेटवायची, लवाशच्या पातळ रोट्या भाजायची, गाईची धार काढायची, फत्तानेच्या तिन्ही मुलींच्या वेण्या घालून त्यांना शाळेत धाडायची. घरात तिच्यावर कुणी हात उचलला नाही की तिला उपाशी ठेवलं नाही. पण नणंदेला बाजी, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या फत्तानेच्या जिभेला हाड नव्हतं. पाहुण्यांपुढं गुलंदामनं ताट ठेवलं की ती हसत म्हणायची, "आमच्या बाजीच्या हाताला गुण आहे हो. पण तिच्याकडून पीठ तेवढं फुगतं." पाहुणे हसायचे. गुलंदामही ओठ ताणायची आणि रिकामी पातेली उचलून आत जायची.

कमिशलीची शेवटची भिंत संपली की दलदल सुरू व्हायची. माणूस उभा बुडेल असं बोरूचं रान, मधून पाण्याच्या वाटा, आणि थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून उतरणारे हजारोंनी रानहंस. गावातले सगळे बाप्ये शिकारी. पुढं शिकारीवर बंदी आली. बंदुका चिंध्यांत गुंडाळून वैरणीच्या माळ्यावर गेल्या. बायरामकडं एक सपाट तळाची नाव होती, तिला त्यानं मोटर बसवली आणि तब्रीझहून, तेहरानहून येणाऱ्या फोटोवाल्यांना तो पाणथळीत फिरवू लागला. उन्हाळ्यात विटांचा ट्रक चालवायचा.

हंसांचं सगळं सुरू झालं ते वसंतात. नवरोज होऊन महिना उलटला होता. गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून गावकऱ्यांनी बोरूचा एक पट्टा पेटवून दिला होता. आग विझल्यावर गुलंदाम जळण वेचायला गेली, तर राखेत रानहंसाची एक मादी बसलेली दिसली. पिसं करपलेली, मान घरट्याच्या काठावर टेकलेली. तिनं हात लावून पाहिलं तर मेलेली होती. तिला बाजूला सारल्यावर खाली सहा अंडी निघाली, अजून ऊन होती. गुलंदामनं ती ओढणीत बांधून घरी आणली आणि खुडूक कोंबडीखाली सारली.

चार आठवड्यांनी पहिलं पिल्लू बाहेर आलं आणि कोंबडीनं त्याच्या डोक्यात चोच घातली. ते गेलं. उरलेली पाच अंडी गुलंदामनं स्वतःच्या मांडीवर घेतली आणि एक दिवस न् एक रात्र ती तंदूरला पाठ लावून बसली. कवच फोडून एकेक पिल्लू बाहेर आलं. ओल्या मानेनं डुगडुगत त्यांनी वर पाहिलं, तेव्हा त्यांना तिचं तोंड दिसलं.

त्या दिवसापासून ती पाचही जणं तिच्या मागं. ती गोठ्यात गेली की गोठ्यात, विहिरीवर गेली की विहिरीवर. दार लावून घेतलं तर बाहेर असा कालवा करायची की शेजारणी भिंतीवरून डोकवायच्या. फत्ताने म्हणाली, "चला, झाली एकदाची पोरं. बापाच्या वळणावर गेलीत वाटतं, मान बघ ना." हे तिनं गावभर सांगितलं. गुलंदामला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही. ती बांधावर बसून लसूणघास चिमटून त्यांच्यापुढं धरायची, आणि 'गाझ, गाझ, गाझ' अशी हाक घालत बांधाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत धावायची. चव्वेचाळीस वर्षांची बाई अशी धावताना गावानं कधी पाहिली नव्हती. उन्हाळा सरता सरता एके दिवशी तिच्या मागून धावता धावता ती पाचही जणं उठली, तिच्या डोक्यावरून गेली, आणि घाबरून पुन्हा तिच्याच पायाशी येऊन उतरली. त्यांतल्या थोराड नराला ती बेग म्हणायची. बाकीच्यांना नावं नव्हती, पण ती त्यांना आवाजावरून ओळखायची.

बायरामच्या लक्षात आलं ते त्यानंतर. गुलंदाम त्याच्या नावेतून गवत आणायला गेली की हंस नावेच्या बरोबरीनं उडायचे, हात लांब केला तर पंखाला लागेल इतक्या जवळून. त्यानं तेहरानला फोन केला.

उस्ताद मनुचेहर साठीचे होते. आवाज मऊ, हात बायकांसारखे गोरे. उडत्या रानहंसांचे फोटो काढण्यात त्यांनी उभी हयात घालवली होती. बोरूत कमरेइतक्या पाण्यात तासन् तास उभं राहून त्यांच्या गुडघ्यांची वाट लागली होती, पण हंस माणसाला शंभर पावलांच्या आत येऊ देत नाहीत. नावेत बसून गुलंदामनं हाक मारली, पाचही हंस उठून नावेला समांतर झाले, आणि बेगची मान उस्तादांच्या खांद्याच्या रेषेत आली, तेव्हा त्यांनी क्षणभर कॅमेरा उचललाच नाही. मग उचलला तो तेल संपून मोटर बंद पडेपर्यंत. नंतर त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत गुलंदामला फोटो दाखवले. डोळ्याभोवतीचं केशरी कडं, पोटात दुमडून घेतलेले पाय, चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंब, आणि पंखाच्या आतली फिकट राखाडी पिसं एकावर एक लावलेली. तिनं हे सगळं रोज पाहिलेलं होतं. तरी काच हाताच्या सावलीत धरून तिनं ते पुन्हा पाहिलं.

"बाजी, तुम्ही काय केलंय ते तुम्हाला ठाऊक नाही," उस्ताद म्हणाले. जाताना त्यांनी तिला तेहरानहून आणलेली लोकरीची शाल दिली. ती फत्तानेनं ठेवून घेतली.

त्या हिवाळ्यात उस्तादांचे फोटो फार गाजले. बायरामच्या अंगणात परक्या मोटारी येऊ लागल्या. घराला नवी पत्र्याची फाटकं लागली. गुलंदामच्या पानात मांस पडू लागलं, आणि फत्ताने चारचौघांत तिला "आमची बाजी" म्हणताना पुढचं काही बोलेनाशी झाली. हंस दिवसा रानातल्या थव्यांत मिसळायचे, पण हाक ऐकली की दोन कोसांवरूनही यायचे. गारांचा पाऊस आला, कुत्री मागं लागली, मोटर फटकन वाजली, की त्यांची एकच रीत होती. उडून सरळ गुलंदामच्या पायाशी.

दुसऱ्या वर्षी उस्ताद आले ते थोडे उतरलेले. तोवर इतरांनीही अंडी उबवून हंस माणसाळवले होते, आणि नावेबरोबर उडणारे हंस आता दुकानांतल्या दिनदर्शिकांवर दिसत होते. पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेरा पेटीतून काढलाही नाही. गुलंदाम समोवाराजवळ बसून चहा ओतत होती आणि दोघं पुरुष गालिच्यावर बोलत होते. उस्तादांनी साखरेचा खडा गालात धरला, घोट घेतला आणि म्हणाले, "उडणारा पक्षी सगळ्यांनी पाहिलाय, बायराम आगा. उडणं जिथं थांबतं ती जागा कुणी पाहिलेली नाही." बायरामनं मान डोलावली. तिला ते कळलं नाही. शहाण्या माणसांचं बोलणं म्हणून तिनं सोडून दिलं.

बेत तिला असा सांगितला गेला. बायराम बंदूक घेऊन पुढं जाणार आणि पलीकडच्या अंगाला हवेत बार काढणार. त्यानं रानातला अख्खा थवा उठेल. त्याच वेळी तिनं आपले हंस बोलवायचे, म्हणजे पुढं तिचे पाच आणि मागं आभाळभर रानातले, असा फोटो मिळेल. बंदूक म्हटल्यावर ती कचरली. बायराम हसला. "आकाशात मारणारे मी, वेडे. आकाशाला कुठं लागतं?"

सकाळ कोरडी, कडक थंडीची होती. पाण्याच्या कडेला बर्फाची पापडी धरली होती. नाव एका खुंट्याला बांधली होती. मागच्या टोकाला उस्ताद दोन कॅमेरे घेऊन बसले, पुढच्या टोकाला लांब वासा हातात धरून गुलंदाम उभी. "नेहमीसारखी हाक मारा बाजी, दुसरं काही नाही," ते म्हणाले.

तिनं हाक मारली. थोड्या वेळानं बोरूच्या शेंड्यांवर पाच ठिपके दिसले. ते एका ओळीत आले, पाण्याला अगदी धरून, पंखांचा सूं सूं आवाज वाढत गेला. सर्वांत पुढं धाकटी मादी होती. उतरण्यासाठी तिनं छाती वर केली, पंख पसरले, पाय पुढं काढले, आणि बार झाला. पलीकडं नाही. गुलंदामच्या उजव्या कानाशी, दहा हातांवरच्या बोरूतून.

मादीची मान मागं वळली, जशी झोपताना वळते. एक पंख अजून मारत होता. ती नावेच्या काठावर आदळून पाण्यात पडली.

गुलंदामला वाटलं, बायरामचा पाय घसरला. ती त्याला "दादाश, सांभाळून" म्हणणारही होती. तेवढ्यात उस्तादांनी काचेत पाहिलं आणि मान हलवली. रागानं नाही. शिजायला अजून वेळ आहे हे पाहून बाई झाकण ठेवते तशी. बोरूच्या दिशेनं ते म्हणाले, "ढग आडवा आला. बायराम आगा, अजून एकदा." मग तिला म्हणाले, "बाजी, हाक."

तेव्हा तिला कळलं.

"नको," ती म्हणाली.

"फक्त एक. मग तुम्ही मोकळ्या."

तिनं तोंड मिटून घेतलं. पण हाकेची गरजच नव्हती. बाराला भिऊन उधळलेले चौघं एक गिरकी घेऊन परत फिरले होते, आणि भ्याल्यावर जिथं जायचं तिथंच येत होते. ते नावेला लागून उतरले. बेगनं तिच्या परकराचा काठ चोचीत धरून ओढला. बोरूत बायराम बंदुकीत काडतूस सारत असल्याचा आवाज तिनं ऐकला.

तिनं वासा पाण्यावर आपटला. हंस वीतभर सरकले आणि पुन्हा आले. तिनं पुन्हा आपटला. ते मान वर करून तिच्याकडं पाहत राहिले. मग तिनं वासा त्यांच्यावर घातला. एकाच्या पाठीत, एकाच्या मानेवर. बेग तरी सोडीना. त्याला तिनं दोन्ही हातांनी, उभ्यानं, डोक्यावरून आणून हाणला, आणि पंखातलं काहीतरी काडकन मोडलं. ती किंचाळत होती. काय किंचाळत होती ते तिलाही पुढं आठवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्यापासून दूर पळाले. तिघं पाण्यावरून धावत जाऊन उठले आणि आभाळात गेले. बेग एक पंख ओढत बोरूत शिरला. हे सगळं होत असताना नावेच्या मागच्या टोकाला कॅमेऱ्याची खटखट चालूच होती. तिला ती ऐकू येत होती. तिचा अर्थ मात्र नंतर लागला.

परतताना उस्ताद काचेतले फोटो पुन्हा पुन्हा मागं घेऊन पाहत होते, फार आनंद झालेल्या म्हाताऱ्यासारखे. त्यांनी आपले हातमोजे काढून गुलंदामच्या मांडीवर ठेवले. "घाला बाजी. हात गारठलेत तुमचे."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बोरूतून बेगचा आवाज यायचा. तो तिला बोलवायचा. उत्तर दिलं तर तो बाहेर येईल, आणि बाहेर आला तर अंगणात बायराम आहे, हे ती जाणून होती. दोनदा ती आवाज न करता शोधायला गेली. बोरूनं हात फाटले, तो काही सापडला नाही. आठ संध्याकाळी तिनं गोठ्यात बसून कान दाबून धरले. नवव्या संध्याकाळी आवाज आला नाही. सकाळी बांधावर कोल्ह्यानं टाकलेली पिसं होती.

महिन्याभरानं फोटो आला. पडलेल्या मादीचा नाही. तो ढगानं बिघडवला होता. हा गुलंदामचा होता. काळ्या बोरूसमोर बाजूनं दिसणारी एक बाई, ओढणी सुटलेली, तोंड वासलेलं, दोन्ही हातांनी वासा वर उचललेला. खाली हंसांचे उघडे पंख, हवेत थिजलेलं पाणी, आणि कोपऱ्यात एक मेलेला हंस तरंगतोय. उस्तादांनी त्याला नाव दिलं होतं, 'भूक'. त्याला मोठं बक्षीस मिळालं. लोकांनी तो एकमेकांना मोबाइलवर पाठवला, आणि अक्षरं वाचता येणाऱ्या भाच्यांनी फोटोखालचं लिहिलेलं आत्याला वाचून दाखवलं. या बाईचे हात तोडा. हिला पोरं असतील का, असतील तर त्यांचं काय होत असेल. हे वाचताना मधली हसली.

पाणथळीची देखरेख करणारा साहेब चौकशीला आला. मेलेल्या हंसाच्या अंगात छर्रे असतील तर बंदुकीचा प्रश्न येईल, आणि बंदूक निघाली तर बायराम आत जाईल. बायरामनं तिला गोठ्यात गाठलं. "वाश्यानं मारला म्हण. फोटोत वासाच तर दिसतोय. बाईमाणसाला कोण आत घालतंय?" तिनं धार काढणं थांबवलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "बारा वर्षं घातलं ना खायला?"

तिनं तसं सांगितलं. साहेबानं कागदावर तिचा अंगठा घेतला. तिला तंबी मिळाली, आणि तिचा तो फोटो मोठा करून गावच्या शाळेच्या व्हरांड्यात लावण्यात आला. पाखरांशी असं वागू नये, असं त्याखाली लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी धाकटी भाची वेणी घालायला तिच्यापुढं बसेना. फत्ताने म्हणाली, "राहू दे गं बाजी. पोर भिते तुझ्या हातांना."

वसंतात उस्तादांचा फोन आला. त्यांना पुन्हा उडत्या हंसांची मालिका करायची होती, नवे हंस हवे होते. बायरामनं घरट्यावरून मादी हुसकून पाच अंडी आणली आणि कोंबडीखाली सारली. "फुटायच्या वेळी पुढ्यात बस," तो बहिणीला म्हणाला. "तुझंच तोंड दिसलं पाहिजे." मग तो विटांच्या ट्रकवर गेला. घरी यायचा तो फक्त शुक्रवारी.

गुलंदाम बसली नाही. कोंबडी या खेपेला शहाणी निघाली. चार पिलं फुटली, ती तिनं पंखाखाली घेतली आणि बाहेर नेली. रिकाम्या घरट्यात एक अंडं उरलं होतं. ते टाकून द्यावं म्हणून गुलंदाम वाकली, आणि नेमकं तेव्हाच कवच उकललं. पिलानं मान वर केली. तिनं तोंड फिरवलं, पण उशीर झाला होता.

पिलं महिन्याची झाली तेव्हा तिनं बायरामचा जुना कोट अंगात घातला, त्याची टोपी चढवली, तोंड फडक्यानं बांधलं, आणि काठी घेऊन पिलांच्या अंगावर गेली. रोज सकाळी एकदा, दुपारी एकदा. पत्र्याचा डबा बडवायचा, मागं धावायचं, मागं राहील त्याला काठी लगावायची. लागेल अशीच लगावायची. फत्तानेनं खिडकीतून पाहिलं. "देवानं तुझी कूस उजवली नाही ते बरंच केलं," ती म्हणाली. "स्वतःचं असतं तर काय केलं असतंस?" गुलंदामनं सांगितलं, कोल्हे माजलेत, पिलं धीट व्हायला हवीत. फत्तानेला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे. नवरा घरी आला तेव्हा तिनं ती गोष्ट हसण्यावारी नेली, आणि बायरामला बांधावरून लांब पाण्यात पोहणारे हंस दिसले, तेवढ्यानं त्याचं समाधान झालं.

उन्हाळा सरेतो चारही जणं कोटाची बाही दिसली तरी उडायला लागली. पाचवा उडेना. त्याला कोट कळायचा नाही, फडकं कळायचं नाही. तिनं मारलं की तो बाजूला व्हायचा, अंग झटकायचा, आणि पुन्हा येऊन तिच्या बुटाशी बसायचा. तिनं त्याला पाण्यात फेकला. उपाशी ठेवला. एकदा काठी इतक्या जोरात बसली की तो दोन दिवस लंगडला, आणि लंगडतच तिच्या मागं आला. त्याला तिनं नाव ठेवलं नाही. रात्री तो तंदूरच्या खोलीच्या दाराबाहेर झोपायचा, आणि ती आतून दाराला हात लावून पडून राहायची.

शरद ऋतूत एके सकाळी बायराम म्हणाला की उस्ताद जेवायला पोचताहेत, दुपारी ऊन चांगलं असतं तेव्हा पाण्यावर जायचं. गुलंदाम अंगणाच्या मागं गेली. आज तिनं कोट घातला नाही, तोंड बांधलं नाही. 'गाझ' अशी एकदाच, हळू हाक मारली. तो धावत आला. तिनं त्याला मांडीवर घेतलं, त्याच्या छातीखाली हात घालून ऊब पाहिली, लसूणघासाच्या दोन काड्या भरवल्या, आणि तो गिळत असतानाच त्याची मान पिरगळली. तो फार धडपडला नाही. तिनं ऊन पाणी घालून पिसं काढली, पोटात अक्रोड, कांदा आणि आंबट आलुबुखार भरले, आणि तंदूरमध्ये टांगला.

उस्तादांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हाडं चोखून ताटाच्या कडेला नीट लावून ठेवली. "बाजींच्या हाताला चव आहे," ते बायरामला म्हणाले. मग तिला विचारलं, "यंदा किती आहेत आपल्याकडं?"

"पाच," बायराम म्हणाला.

"चार," गुलंदाम म्हणाली, आणि पाण्याचं भांडं पुढं केलं.

बायरामचा हात ताटावरच थांबला. त्यानं समोरच्या हाडांकडं पाहिलं, मग बहिणीकडं. मग त्यानं पाहुण्यापुढं रोटी सरकवली.

दुपारी नाव तशीच खुंट्याला बांधली गेली. उस्ताद मागं, ती पुढं, बायराम मोटरपाशी. त्यांनी सांगितलं तेव्हा तिनं तोंडाला दोन्ही हात लावून हाक मारली. खोटी नाही, पूर्ण आवाजातली. दूर बोरूतून चौघं उठले. त्यांना नाव दिसली, नावेत उभा राहिलेला बायराम दिसला, आणि ते सरळ वर चढले. चढत गेले. उस्तादांनी लांबची लेन्स लावेपर्यंत ते रानातल्या थव्यात मिसळले होते, आणि कुठले कुणाचे हे कुणालाच सांगता आलं नसतं. गुलंदाम हाका मारत राहिली. उस्तादांनीच अखेर तिला थांबायला सांगितलं.

ते त्याच संध्याकाळी निघून गेले. जाताना त्यांनी जेवणाबद्दल पुन्हा आभार मानले. फत्तानेनं मग कोटाची, टोपीची, काठीची सगळी हकीकत नवऱ्याला सांगितली. बायरामनं बहिणीला मारलं नाही. तिच्याशी बोलणं मात्र टाकलं. चौथ्या दिवशी तिची पेटी त्यानं ट्रकवर चढवली, आणि मियांदोआबला चुलतमावशीच्या घरी तिला उतरवून दिलं. मावशीला अर्धांगवायू झाला होता, सुना तिचं काही करत नव्हत्या, आणि बायरामनं त्यांना शब्द दिला होता की ही सगळं करील, फक्त जेवण द्या.

म्हातारी तोंडानं शाबूत होती. तिला कुशीवर वळवलं की चिमटे काढायची, भरवलं की थुंकायची, आणि नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून दिवसातून दहा वेळा उद्धार करायची. खोलीला एकच खिडकी, तिच्यासमोर विटांची भिंत. गुलंदाम तिचं हगणंमुतणं काढायची, पाठीला तेल चोळायची. चिमट्यांचे निळे डाग ती बाहीखाली झाकायची.

पुढच्या वसंतात थोरल्या भाचीचा फोन आला. मोबाइल सुनेनं तिच्या कानाला धरला, कारण हात पिठात होते. भाची म्हणाली, बाबानं परत अंडी आणली. या वेळी सात. फुटताना आई बसली होती पुढ्यात, दोन रात्री जागली. आता सातही जणं आईच्या मागं फिरतात, ती त्यांना लवाश भिजवून चारते, कुणाला हात लावू देत नाही. उस्ताद शरदात येणार आहेत.

"आईला सांग," गुलंदाम म्हणाली, आणि थांबली.

"काय सांगू, आत्या?"

आतून म्हातारीनं भिंतीवर थाप मारली. तिला वळवायची वेळ झाली होती.

"लवाश नको चारू म्हणावं, पोट फुगतं त्यानं," गुलंदाम म्हणाली. "लसूणघास घाल म्हणावं." मग तिनं मान बाजूला घेतली, हात धुतले, आणि आत गेली.